चिपमधलं कमी जिटरचं क्लॉक: पहिल्यांदा पीएलएल डिझाइन करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पीएलएल (फेज-लॉक्ड लूप) म्हणजे ऑसिलेटरच्या क्लॉकची फेज फीडबॅकने स्थिर रेफरन्स क्लॉकशी जुळवून ठेवणारं सर्किट. क्लॉकची प्रत्येक कड ठरलेल्या क्षणी यायला हवी. त्या क्षणापासून ती जेवढी पुढे-मागे होते तो जिटर. आकडे पिकोसेकंदांत आणि फेम्टोसेकंदांत असतात, म्हणून ते क्षुल्लक वाटतात. पण १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल १ पिकोसेकंद आरएमएस जिटर असलेल्या क्लॉकने सॅम्पल केला, तर एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे डिजिटल आकडे करणारं सर्किट) कितीही बिटांचा असो, सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर ६४ डेसिबलच्या वर जात नाही. १२ बिटांच्या आदर्श एडीसीला ७४ डेसिबल मिळतात. फक्त जिटरमुळे होणारं नुकसान तेवढ्यावर रोखायचं तरी ०.३२ पिकोसेकंद लागतो, आणि एडीसीच्या स्वतःच्या नॉइजला जागा ठेवायची तर त्याच्या निम्मा.

या लेखात सुरुवातीपासून एकच उदाहरण घेतलं आहे: ५० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपासून चिपमध्येच ५ गिगाहर्ट्झचं क्लॉक बनवायचं, आणि १० किलोहर्ट्झ ते १०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजलेला आरएमएस जिटर २०० फेम्टोसेकंदांच्या आत ठेवायचा. ट्रान्झिस्टर, सीमॉस आणि फीडबॅक यांची ओळख आहे, पण पीएलएल कधी केलेलं नाही, असा वाचक डोळ्यांसमोर आहे.

पायरी १: कुठला जिटर हवा ते आधी लिहून काढा

'जिटर किती?' हा प्रश्न अपुरा आहे. एका आवर्तनाची लांबी सरासरीपासून किती हलते तो पीरियड जिटर. डिजिटल लॉजिकच्या टायमिंगला हा लागतो. लागोपाठच्या दोन आवर्तनांच्या लांबीतला फरक म्हणजे सायकल-टू-सायकल जिटर. आणि आदर्श क्लॉकच्या तुलनेत कड किती सरकली तो निरपेक्ष जिटर. एडीसी आणि वेगवान सिरियल लिंक यांना हाच लागतो. एखाद्या क्लॉकचा पीरियड जिटर उत्तम असूनही निरपेक्ष जिटर वाईट असू शकतो, कारण हळूहळू होणारी सरक एका आवर्तनात दिसतच नाही.

निरपेक्ष जिटरचा आकडा मोजणीच्या पट्ट्याशिवाय निरर्थक आहे. संप्रेषणाच्या क्लॉकसाठी १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ हा पट्टा रूढ आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये १०० मेगाहर्ट्झच्या रेफरन्स क्लॉकचा जिटर ठरावीक फिल्टर लावून मोजतात. चौथ्या पिढीत त्याची मर्यादा ०.५ पिकोसेकंद आरएमएस होती, पाचव्या पिढीत ती ०.१५ पिकोसेकंद झाली. सिरियल लिंकचा रिसीव्हर संथ जिटरचा मागोवा स्वतःच घेतो, म्हणून तिथे कमी फ्रिक्वेन्सीचा जिटर माफ असतो. एडीसीला ही सवलत नाही.

दोन गोष्टी वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. एक, यादृच्छिक जिटर आरएमएसमध्ये आणि ठरावीक कारणाने येणारा जिटर पीक-टू-पीकमध्ये मोजतात. १०⁻¹² इतका बिट-एरर दर हवा असेल, तर आरएमएसला साधारण १४ ने गुणून त्यात दुसरा मिळवायचा. दोन, क्लॉकला २ ने भागलं की फेज नॉइज (फेजची यादृच्छिक थरथर, मूळ फ्रिक्वेन्सीपासून ठरावीक अंतरावर मोजलेली) ६ डेसिबलने उतरतो, पण पिकोसेकंदांतला जिटर तेवढाच राहतो. 'भागाकाराने जिटर कमी होतो' हा गैरसमज नवख्यांच्या बजेटमध्ये हमखास सापडतो.

पायरी २: ट्रान्झिस्टर काढण्याआधी नॉइजचं बजेट

लूप असा चालतो: व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) क्लॉक बनवतो, डिव्हायडर ते भागून रेफरन्सच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो, फेज डिटेक्टर दोघांच्या कडांमधला फरक काढतो, आणि चार्ज पंप त्या फरकानुसार लूप फिल्टरमध्ये करंट सोडून व्हीसीओचं कंट्रोल व्होल्टेज बदलतो. यात नॉइजचे दोन गट पडतात. रेफरन्स, फेज डिटेक्टर, चार्ज पंप आणि डिव्हायडर यांचा नॉइज लूपच्या बँडविड्थच्या आत न दबता आउटपुटवर येतो, तोही गुणाकाराच्या पटीने वाढून. व्हीसीओचा नॉइज उलटा वागतो: बँडविड्थच्या आत लूप तो दाबतो, बाहेर तो मोकळा सुटतो. सगळं डिझाइन या दोन गटांच्या ओढाताणीवर उभं आहे.

आपल्या उदाहरणात गुणाकार १०० चा आहे, म्हणजे रेफरन्सचा नॉइज ४० डेसिबलने वाढणार. बफरसकट रेफरन्सची पातळी उणे १५५ डीबीसी (मूळ सिग्नलच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ धरली, तर आउटपुटवर ती उणे ११५ होते. चार्ज पंप आणि डिव्हायडर मिळवून उणे ११४ धरा. चांगल्या एलसी व्हीसीओला ५ गिगाहर्ट्झवर, १ मेगाहर्ट्झ अंतरावर उणे ११८ मिळणं वाजवी आहे. व्हीसीओचा नॉइज दर दशकाला २० डेसिबलने उतरतो, म्हणून ६०० किलोहर्ट्झच्या जवळ तो उणे ११४ होतो. दोन्ही वक्र जिथे भेटतात तीच बँडविड्थ पहिल्या अंदाजाला घ्यायची. इथे ती ६०० किलोहर्ट्झ.

आता जिटर काढा. फेज नॉइजच्या वक्राखालचं क्षेत्रफळ (डेसिबलमध्ये नव्हे, साध्या एककात) काढायचं, दुप्पट करायचं, वर्गमूळ घ्यायचं आणि २ × पाय × फ्रिक्वेन्सीने भागायचं. लूपच्या आतल्या सपाट भागाचं दुप्पट क्षेत्रफळ, त्याच्या उतरत्या शेपटासकट, ७.५ × १०⁻⁶ येतं. वक्र भेटतात तिथेच बँडविड्थ ठेवल्यामुळे व्हीसीओचा वाटाही तेवढाच. बेरीज १.५ × १०⁻⁵, वर्गमूळ ३.९ मिलिरेडियन, जिटर सुमारे १२५ फेम्टोसेकंद.

जिटरचे आकडे थेट मिळवायचे नसतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करायची असते. २०० च्या वर्गातून १२५ चा वर्ग वजा केला की लूप फिल्टर, सप्लाय आणि क्लॉकची वितरण-साखळी या सगळ्यांना मिळून सुमारे १५५ फेम्टोसेकंद उरतात. हे पुरेसं वाटतं, पण सप्लायच्या पायरीवर ते किती झटकन संपतं ते दिसेल.

बजेट आवाक्याबाहेर गेलं तर सगळ्यात स्वस्त उपाय बहुधा रेफरन्सची फ्रिक्वेन्सी वाढवणं हा असतो. तेवढ्याच पातळीचा १०० मेगाहर्ट्झचा रेफरन्स घेतला तर त्याचा आउटपुटवरचा वाटा ६ डेसिबलने घटतो. चिपवर फ्रिक्वेन्सी डबलर लावूनही बराच फायदा मिळतो, मात्र मूळ क्लॉकचं ड्यूटी सायकल अचूक ५० टक्के नसेल तर डबलर प्रत्येक दुसरी कड सरकवतो आणि मूळ रेफरन्सच्या अंतरावर स्पर, म्हणजे स्पेक्ट्रममधली सुटी टोकदार रेषा, उभा राहतो.

पायरी ३: व्हीसीओ

रिंग (इन्व्हर्टरांची वर्तुळाकार साखळी) की एलसी (इंडक्टर-कपॅसिटरचा टँक), हा वाद आकड्यांनी मिटतो. व्हीसीओंची तुलना करताना फ्रिक्वेन्सी, अंतर आणि पॉवर हिशोबात धरून गुणांक काढतात. चांगला एलसी उणे १८५ ते १९० च्या घरात असतो, रिंग उणे १६० ते १६५ च्या. ५ मिलिवॅट खर्च करून ५ गिगाहर्ट्झवर, १ मेगाहर्ट्झ अंतरावर उणे १८५ वाला एलसी उणे ११८ देतो, उणे १६० वाला रिंग उणे ९३. रिंगचा नॉइज दाबायला बँडविड्थ ५ मेगाहर्ट्झपर्यंत ताणली, म्हणजे रेफरन्सच्या एक दशांशावर आणली, तरी एकट्या व्हीसीओचा जिटर ५६० फेम्टोसेकंद येतो. आपल्या उदाहरणात रिंग बाद. जिथे काही पिकोसेकंद चालतात आणि जागा कमी आहे, अशा साध्या डिजिटल क्लॉकला रिंगच योग्य.

एलसीची सुरुवात इंडक्टरपासून करा. १ नॅनोहेन्रीचा डिफरन्शियल इंडक्टर घेतला तर ५ गिगाहर्ट्झसाठी एकूण कपॅसिटन्स १ पिकोफॅरड लागतो. चिपवरच्या इंडक्टरचा क्यू (साठलेली ऊर्जा वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत किती, तो आकडा) या फ्रिक्वेन्सीला १० ते २० च्या आसपास असतो. १२ धरला तर टँकचा समांतर रोध सुमारे ३८० ओम होतो. क्रॉस-कपल्ड जोडी ऑसिलेट व्हायला प्रत्येक ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स किमान ५.३ मिलिसीमेन्स हवा. तिप्पट, म्हणजे १६ च्या आसपास ठेवा. किमान आकड्याच्या जवळ राहिलात तर गरम तापमानाच्या आणि संथ प्रोसेसच्या कॉर्नरला ऑसिलेटर सुरूच होणार नाही. अतिशय मोठी जोडीही नको, कारण तिचा स्वतःचा कपॅसिटन्स ट्यूनिंगची जागा खातो.

करंट वाढवत गेलात की आधी अँप्लिट्यूड वाढतं आणि फेज नॉइज सुधारतो. एका बिंदूनंतर अँप्लिट्यूड सप्लायला टेकतं. पुढचा करंट फुकट जातो, उलट नॉइज थोडा बिघडू लागतो. त्या वळणाच्या किंचित अलीकडे थांबा. टेल करंटच्या ट्रान्झिस्टरचा नॉइज वेगळा तपासा. ऑसिलेशनच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीजवळचा त्याचा नॉइज मिसळून थेट क्लॉकच्या शेजारी येतो, म्हणून टेल नोडवर मोठा कपॅसिटर किंवा दुप्पट फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला छोटा एलसी फिल्टर लावतात. वेव्हफॉर्मची चढती आणि उतरती बाजू जितकी सारखी, तितका फ्लिकर नॉइज कमी वर येतो.

ट्यूनिंगमध्ये नवखे लोक एक मोठी व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर) लावून सगळा पल्ला गाठायला बघतात. तसं करू नका. प्रोसेसनुसार टँकची फ्रिक्वेन्सी सहज १० टक्के इकडे-तिकडे होते. तेवढा पल्ला एका व्हॅरॅक्टरने गाठला तर व्हीसीओचा गेन, म्हणजे व्होल्टामागे फ्रिक्वेन्सी किती बदलते तो आकडा, कित्येक शे मेगाहर्ट्झ होतो आणि कंट्रोल नोडवरचा प्रत्येक मायक्रोव्होल्ट जिटर बनतो. ५ किंवा ६ बिटांची स्विच-कपॅसिटर बँक लावा, चिप सुरू होताना योग्य पट्टी निवडणारं कॅलिब्रेशन ठेवा, आणि व्हॅरॅक्टरकडे फक्त ५० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट एवढंच काम द्या. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर भरपूर चढलेल्या हव्यात. उणे ४० अंशांना लॉक झालेली चिप १२५ अंशांपर्यंत तापली तरी त्याच पट्टीत राहायला हवी, कारण चालू क्लॉकमध्ये पट्टी बदलता येत नाही.

पायरी ४: लूप फिल्टर

साधा, तीन घटकांचा फिल्टर पुरतो: एक रेझिस्टर, त्याच्याशी सिरीजमध्ये मोठा कपॅसिटर, आणि या दोघांना समांतर छोटा कपॅसिटर.

रेझिस्टर काढायचं सूत्र: (२ × पाय × बँडविड्थ × गुणाकार) ÷ (पंपचा करंट × व्हीसीओचा गेन हर्ट्झ प्रति व्होल्टमध्ये). पंप २०० मायक्रोअँपिअर धरला तर उत्तर ३७.७ किलोओम येतं. इथे थांबून त्याचा थर्मल नॉइज तपासा: सुमारे २५ नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ. ५० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्टच्या व्हीसीओतून तो १ मेगाहर्ट्झ अंतरावर उणे १२१ होऊन बाहेर पडतो. म्हणजे हा एक निष्क्रिय रेझिस्टर मेहनतीने बनवलेल्या व्हीसीओच्या फक्त ३ डेसिबल खाली बसला आहे.

पंप ८०० मायक्रोअँपिअरचा करा. रेझिस्टर ९.४ किलोओमवर येतो आणि त्याचा नॉइज उणे १२७ वर. किंमत कपॅसिटरमध्ये मोजावी लागते. झीरो बँडविड्थच्या एक चतुर्थांशावर आणि पोल चौपटीवर ठेवला तर फेज मार्जिन ६२ अंश मिळतं. त्यासाठी मोठा कपॅसिटर सुमारे ११३ पिकोफॅरड आणि छोटा ७.५ पिकोफॅरड लागतो. दर चौरस मायक्रोमीटरला २ फेम्टोफॅरड देणारा धातूचा कपॅसिटर वापरला तर मोठ्याला सुमारे २४० मायक्रोमीटर बाजूचा चौरस लागेल. जागा वाचवायला पातळ ऑक्साइडचा मॉस कपॅसिटर लावायचा मोह होतो. आधुनिक प्रोसेसमध्ये त्याची गेट गळती कंट्रोल नोड सतत खाली ओढते, पंपला प्रत्येक आवर्तनात ती भरून काढावी लागते आणि रेफरन्सच्या अंतरावर स्पर येतो. जाड ऑक्साइडचा घ्या किंवा धातूचाच ठेवा.

फेज मार्जिन ४५ अंशांवर उतरलं तरी लूप स्थिर दिसतो, पण बँडविड्थजवळ नॉइजला टेकाड येतं आणि जिटरच्या क्षेत्रफळाचा मोठा भाग नेमका तिथेच असतो. ६० अंशांच्या खाली जाऊ नका. बँडविड्थ रेफरन्सच्या दहाव्या भागापेक्षा जास्तही नको, कारण पंप ठोक्याठोक्याने काम करतो आणि त्या उशिराने मार्जिन आणखी खाल्लं जातं. आपण ६०० किलोहर्ट्झवर आहोत, त्यामुळे ती चिंता नाही.

पायरी ५: फेज डिटेक्टर आणि चार्ज पंप

दोन फ्लिप-फ्लॉप आणि एक अँड गेट, एवढाच फेज-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर. त्यातली महत्त्वाची गोष्ट रिसेटचा उशीर. तो फार कमी असेल तर फेजचा फरक शून्याजवळ आला की पंपचे स्विच पूर्ण उघडण्याआधीच बंद होतात, त्या पट्ट्यात लूपचा गेन नाहीसा होतो आणि क्लॉक तिथे स्वैर भटकतं. हाच डेड झोन. उशीर फार ठेवला तर वर-खाली दोन्ही करंट विनाकारण जास्त वेळ चालू राहतात आणि त्यांचा नॉइज त्याच प्रमाणात वाढतो. २०० पिकोसेकंद ही चांगली सुरुवात: २० नॅनोसेकंदांच्या आवर्तनात १ टक्का. ८०० मायक्रोअँपिअर आणि ०.३ व्होल्ट ओव्हरड्राइव्ह धरून थर्मल नॉइज आउटपुटवर उणे १२२ ते १२३ येतो, जो रेफरन्सच्या बराच खाली आहे. फ्लिकर वेगळा, त्यासाठी करंट मिररची चॅनल लांबी किमान लांबीच्या कित्येक पट ठेवा आणि क्षेत्रफळात कंजुषी करू नका.

वरचा आणि खालचा करंट कंट्रोल व्होल्टेजच्या संपूर्ण कामाच्या पल्ल्यात २-३ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. फक्त मध्यबिंदूवर जुळवून समाधान मानू नका. कंट्रोल व्होल्टेज सप्लायच्या एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांशात राहील, असं कॅलिब्रेशन बसवा. स्पर किती महाग पडतो ते बघा: दोन्ही बाजूंना उणे ६० डीबीसीचा स्पर ५ गिगाहर्ट्झवर ४५ फेम्टोसेकंद आरएमएस जिटर देतो.

डिव्हायडर असिंक्रोनस केला तर प्रत्येक टप्प्याचा जिटर साठत जातो. शेवटच्या आउटपुटला व्हीसीओच्याच कडेने एका फ्लिप-फ्लॉपमधून पुन्हा सॅम्पल करा. साठलेला सगळा जिटर पुसला जातो, उरतो फक्त त्या एका फ्लॉपचा.

बजेट अजूनही बसत नसेल तर सब-सॅम्पलिंग पीएलएलकडे वळा. गाओ, क्लुम्परिंक, नौटा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलेल्या या रचनेत रेफरन्सची कड व्हीसीओचं वेव्हफॉर्म थेट सॅम्पल करते, लॉक झाल्यावर डिव्हायडरची गरजच राहत नाही आणि पंपचा नॉइज गुणाकाराच्या वर्गाने वाढत नाही. पण ती चुकीच्या पटीवरही लॉक होऊ शकते, म्हणून जोडीला साधा फ्रिक्वेन्सी लूप लागतोच. पहिल्या चिपला नेहमीचा चार्ज पंप बरा. अपूर्णांकी गुणाकारही गरज असेल तरच घ्या: सिग्मा-डेल्टाचा नॉइज आणि पंपच्या वक्रतेमुळे येणारे स्पर हे स्वतंत्र दुखणं आहे.

पायरी ६: क्रिस्टल आणि रेफरन्सचा बफर

क्रिस्टलचा क्यू हजारोंमध्ये असतो, त्यामुळे तो स्वतः क्वचितच दोषी ठरतो. बिघाड बफरमध्ये होतो. ५० मेगाहर्ट्झच्या, १ व्होल्ट पीक-टू-पीक साइन वेव्हचा उतार शून्य ओलांडताना फक्त १५७ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असतो. बफरच्या इनपुटचा नॉइज १०० मायक्रोव्होल्ट आरएमएस असेल तर त्याला उताराने भागा: ०.६४ पिकोसेकंद. म्हणून पहिला टप्पा मोठ्या करंटचा आणि कमी नॉइजचा ठेवा, साइनचं अँप्लिट्यूड क्रिस्टलच्या ड्राइव्ह मर्यादेत राहून शक्य तितकं वाढवा, आणि कड एकदा तीक्ष्ण झाल्यावर पुढे कुठेही पुन्हा संथ होऊ देऊ नका.

लोड कपॅसिटरचा हिशोब सोपा: क्रिस्टलला ८ पिकोफॅरड हवे असतील आणि बोर्ड-पॅडचा मिळून २ पिकोफॅरड असेल तर दोन्ही बाजूंना १२-१२ पिकोफॅरड. सर्किटचा ऋण रोध क्रिस्टलच्या ईएसआरच्या (त्याच्या अंतर्गत सिरीज रोधाच्या) किमान पाचपट ठेवा.

पायरी ७: सप्लाय

सिम्युलेशनमध्ये १२५ फेम्टोसेकंद आणि चिपवर ४००, ही तक्रार आली की पहिला संशय सप्लायवर घ्यावा. एलसी व्हीसीओची सप्लाय संवेदनशीलता १० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट धरू, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. सप्लायवर १ मेगाहर्ट्झची, १ मिलिव्होल्ट अँप्लिट्यूडची लहर आली की फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झने हलते आणि फेज ०.०१ रेडियनने. आउटपुटवर उणे ४६ डीबीसीचा स्पर आणि २२५ फेम्टोसेकंद आरएमएस. एका मिलिव्होल्टात सगळं बजेट संपलं. लूपची बँडविड्थ ६०० किलोहर्ट्झ असल्याने तो ही लहर फारशी दाबतही नाही. त्यापेक्षा बऱ्याच कमी फ्रिक्वेन्सीची लहर लूप खातो आणि फार वरच्या फ्रिक्वेन्सीची आपोआप क्षीण होते. सर्वांत घातक लहर बँडविड्थच्या आसपासची, आणि स्विचिंग रेग्युलेटर नेमके तिथे काम करतात.

म्हणून व्हीसीओला स्वतःचा चिपवरचा एलडीओ (रेषीय व्होल्टेज रेग्युलेटर) द्या. त्याचं सप्लाय नाकारणं १ ते १० मेगाहर्ट्झमध्ये ४० डेसिबल तरी हवं. डीसीवरचा ८० डेसिबलचा आकडा इथे कामाचा नाही. एलडीओचा स्वतःचा नॉइजही मोजा: २० नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ असेल तर या एलसीवर तो १ मेगाहर्ट्झ अंतरावर उणे १३७ देतो, निरुपद्रवी. हाच एलडीओ ५ गिगाहर्ट्झ प्रति व्होल्ट संवेदनशीलतेच्या रिंगला लावला तर उणे ८३.

व्हीसीओ, चार्ज पंप आणि डिव्हायडर यांना वेगळे सप्लाय पॅड द्या. बॉन्ड वायर दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री असते. २ मिलिमीटरची वायर आणि चिपवरचा १०० पिकोफॅरडचा डीकपलिंग कपॅसिटर मिळून ३५० मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स तयार करतात, आणि तिथे डिजिटल क्लॉकची एखादी हार्मोनिक बसली तर कपॅसिटर लावून सप्लाय अधिकच बिघडतो. त्या कपॅसिटरशी सिरीजमध्ये ४-५ ओम ठेवा, रेझोनन्स मरतो.

पायरी ८: लेआउट आणि पीएलएलनंतरचा रस्ता

इंडक्टरखाली आणि आत धातूचा डमी फिल बंद करा, नाहीतर फॅक्टरीचा स्वयंचलित फिल क्यू खाऊन टाकेल. भोवतीची गार्ड रिंग एका जागी तोडलेली हवी. बंद रिंगमध्ये करंट फिरतो आणि इंडक्टन्स घटतो. दुसऱ्या इंडक्टरपासून निदान दोन-तीन व्यासांचं अंतर ठेवा. एकाच चिपवर जवळच्या फ्रिक्वेन्सीचे दोन व्हीसीओ असतील तर ते एकमेकांना ओढतात, म्हणून शक्य असेल तर त्यांच्या फ्रिक्वेन्सी दूर ठेवा. कंट्रोल नोडची तार आखूड ठेवा, दोन्ही बाजूंना ग्राउंड द्या, आणि लूप फिल्टरचं ग्राउंड व्हीसीओच्याच ग्राउंडला जोडा. पीएलएल चिपच्या कोपऱ्यात, स्वतःच्या पॅडशेजारी बसवा.

पीएलएलपासून एडीसीपर्यंतची बफर-साखळी बहुतेकांच्या हिशोबातून सुटते. सीमॉस इन्व्हर्टरचा उशीर सप्लायच्या १ टक्का बदलाने साधारण १ टक्का किंवा थोडा जास्तच बदलतो. २०० पिकोसेकंदांची साखळी गजबजलेल्या डिजिटल सप्लायवर टाकली आणि १ व्होल्टावर १० मिलिव्होल्टचा गोंगाट असला, तर २ पिकोसेकंद जिटर तिथेच मिळाला. २०० फेम्टोसेकंदांचं पीएलएल वाया गेलं. हा जिटर कुठल्याही लूपच्या बाहेर आहे, तो दुरुस्त करणारं पुढे काही नाही. साखळी शक्य तितकी आखूड, कडा तीक्ष्ण आणि सप्लाय स्वतंत्र, एवढाच इलाज.

पायरी ९: सिम्युलेशन

पूर्ण पीएलएल ट्रान्झिस्टर पातळीवर नॉइजसकट चालवायला जाऊ नका. लॉक व्हायला हजारो आवर्तनं लागतात आणि उत्तर यायला आठवडे. प्रत्येक ब्लॉकचा फेज नॉइज पिरियॉडिक स्टेडी-स्टेट आणि त्यावरच्या नॉइज विश्लेषणातून स्वतंत्र काढा. मग लूपच्या रेषीय मॉडेलमध्ये (स्प्रेडशीट किंवा पायथनच्या शंभर ओळी पुरतात) प्रत्येकाला त्याच्या ट्रान्सफर फंक्शनने गुणून बेरीज करा. ही फाइल बजेटच्या पायरीपासूनच बनवा आणि अंदाजाचे आकडे एकेक करून खऱ्या आकड्यांनी बदलत जा.

व्हीसीओच्या ट्रान्झियंटमध्ये पायरी आवर्तनाच्या पन्नासाव्या भागापेक्षा मोठी नको, म्हणजे ५ गिगाहर्ट्झला ४ पिकोसेकंद. गिअर पद्धत ऑसिलेशन कृत्रिमरीत्या दाबते, ट्रॅपेझॉइडल वापरा. लेआउटनंतर पॅरासिटिक काढून व्हीसीओ पुन्हा चालवा. फ्रिक्वेन्सी खाली सरकलेली दिसेलच, म्हणून बँकेत सुरुवातीलाच वरच्या बाजूला जागा सोडा.

परवान्याच्या साधनांशिवाय शिकायचं असेल तर स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं किंवा आयएचपीचं एसजी१३जी२ हे खुलं डिझाइन किट, एक्सस्केम, एनजीस्पाइस आणि केलेआउट यांवर लूपचा बहुतेक अभ्यास होतो. एनजीस्पाइस ट्रान्झियंटमध्ये ट्रान्झिस्टरचा नॉइज स्वतःहून धरत नाही. ट्रनॉइज स्रोत हाताने जोडावे लागतात.

पायरी १०: मोजणी

टेस्ट पॅडकडे जाणारा ड्रायव्हर चिपवरच ठेवा, डिफरन्शियल आणि स्वतंत्र सप्लायचा. ऑसिलोस्कोपचा स्वतःचा जिटर शंभर फेम्टोसेकंदांच्या घरात असू शकतो, म्हणून २०० ची मोजणी फेज नॉइज अ‍ॅनालायझरवर करा. त्याचा वक्र तुमच्या मॉडेलच्या वक्रावर ठेवून बघा, कारण फरक कुठे पडला त्यावरून दोषी सापडतो. बँडविड्थच्या आत सगळीकडे सारखाच वर असेल तर रेफरन्सचा बफर किंवा पंप. अगदी जवळच्या अंतरावर दशकाला १० डेसिबलने चढत असेल तर पंपचा किंवा बफरचा फ्लिकर. बँडविड्थजवळ टेकाड असेल तर फेज मार्जिन. रेझिस्टर आणि व्हीसीओचा गेन डिझाइनप्रमाणे आलेत का ते तपासा. बाहेर सगळीकडे वर असेल तर व्हीसीओचं अँप्लिट्यूड किंवा इंडक्टरचा क्यू. दूरवर सपाट पातळी वर असेल तर आउटपुटचा बफर. सुट्या टोकदार रेषा असतील तर बेंच सप्लायच्या जागी बॅटरी लावा आणि चिपवरचे डिजिटल ब्लॉक एकेक बंद करा. जी रेषा ज्या ब्लॉकबरोबर नाहीशी होते, तिचा रस्ता त्याच ब्लॉकच्या सप्लायमधून किंवा सबस्ट्रेटमधून आलेला असतो.